आमवात : सांधे जाण्याआधी दवाखाना गाठा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



 अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही आरोग्य खात्यात बत्तीस वर्षं काढली, तेव्हा आरोग्यावरच बोला." मी घरी जाऊन विचार केला. साखरेवर बोलावं, की बी.पी.वर? त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मग ठरवलं, की ज्या दुखण्यानं आमच्या घरातलं एक माणूस डोळ्यांदेखत वाकलं आणि जे मला खात्यात असूनही वेळेवर ओळखता आलं नाही, त्यावरच बोलावं. त्या दुखण्याला इंग्रजी वैद्यकात रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे आमवात म्हणतात, कुणी गठियावात म्हणतं, आणि खेड्यात तर सरसकट 'वात' म्हणून विषय संपवतात. तिथेच सगळा घोळ आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. हिवतापाच्या रक्ताच्या पट्ट्या काढल्या, घरोघर फवारणी केली, पोलिओचे डोस पाजले, कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात अंगावरचे चट्टे तपासले. तेव्हा मी जे सांगणार आहे ते दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं, नंतर वाचून समजून घेतलेलं आणि घरात सोसलेलं आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

गोष्ट माझ्या मोठ्या बहिणीची, आक्काची आहे. तिला विचारूनच सांगतो. ती आज आली आहे, तिकडे मागं खुर्चीवर बसली आहे. काल म्हणाली, "सांग बापा, माह्या हाताचं सांग. कोण्या एकीचा तरी हात वाचला पाह्यजे."

१९९४ सालचा पावसाळा. तेव्हा आपला वाशिम जिल्हा झालेला नव्हता; तो १ जुलै १९९८ ला झाला. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो. आक्का चौतीस वर्षांची होती. निंदणाला जायची, कापूस वेचायला जायची आणि दिवसभराच्या वेचणीत कुणाला हार जायची नाही. त्या पावसाळ्यात तिला सकाळी उठल्यावर मूठ वळता येईना. पीठ मळता येईना, लुगड्याचा पिळा देता येईना. पोरींच्या वेण्या घालायला बसली की बोटं अडकायची. तळपाय जमिनीला टेकवला की खड्यांवर पाय पडल्यासारखं व्हायचं. दोन्ही मनगटं सुजली, बांगड्या रुतल्या, शेवटी त्या फोडून काढाव्या लागल्या.

पण दहा-साडेदहा वाजले, ऊन अंगावर आलं, की हात थोडे मोकळे व्हायचे. म्हणजे लोकांना ती दिसायची तेव्हा चालती-बोलती दिसायची. सकाळी कामाला नाही म्हणणारी बाई दुपारी पाणी भरताना दिसते, मग लोक काय म्हणतील? "नाटक करते" म्हणाले. घरातलेही म्हणाले. बंधु-भगिनींनो, या आजाराची पहिली ओळख म्हणजे सकाळचा तो ताठरपणा. तो नेमका लोकांना दिसत नाही, आणि बाईचं सांगणं खोटं ठरतं.

मी काय केलं? मी खात्यातला माणूस. दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या आणून दिल्या आणि सांगितलं, "पावसाची हवा आहे, वात आहे, थंडी सरली की बरं वाटेल." थंडी सरली, बरं वाटलं नाही. मग कुणीतरी आठवडी बाजारातल्या एका माणसाचा पत्ता दिला. तो कागदाच्या पुडीत बारीक काळ्या गोळ्या बांधून द्यायचा. नाव नाही, गाव नाही. त्या गोळ्यांनी आठ दिवसांत आक्का उठून पळायला लागली. आम्हाला वाटलं, देवमाणूस भेटला. दोन वर्षं त्या गोळ्या चालल्या. तिचा चेहरा गोल झाला, अंगावर सूज आली, लघवीत साखर निघाली, आणि एखाद्या आठवड्यात पुडी मिळाली नाही तर तिला खाटेवरून उठता येईना. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, हे मला पुढे कळलं. दुखणं दबलं होतं, आजार थांबलेला नव्हता. आत त्याचं काम चालूच होतं.

१९९७ पर्यंत तिची बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली. काही बोटं मधल्या पेरात उलटी वाकली, काही आकड्यासारखी झाली. आणि आता मी जे सांगणार आहे, ते सांगताना मला आजही लाज वाटते. वस्तीत कुजबुज सुरू झाली, की हिला महारोग झाला. कुणी तोंडावर बोललं नाही. पण लग्नाच्या पंगतीत तिचा पेला वेगळा ठेवला गेला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तहानलेल्या ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं, त्या आपण आपल्याच एका बाईचा पेला वेगळा केला.

मी कुष्ठरोगाचं काम केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी चार लोक बोलावून समजावून सांगितलं. कुष्ठरोगात चट्टा बधिर होतो, हाताला चटका बसला तरी कळत नाही. आक्काच्या हाताला तर गोधडीचं ओझं सहन होत नव्हतं. हे दोन रोग अगदी वेगळे. आणि कुष्ठरोग असता, तरी तो औषधानं पूर्ण बरा होतो, त्यासाठीही पेला वेगळा करण्याचं काही कारण नव्हतं. लोकांना पटलं. पण आक्का त्यानंतर कित्येक वर्षं कुणाच्या पंगतीला बसली नाही.

१९९९ साली एकदाचं तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हातांचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला जवळ बोलावलं. हाडांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. मनगटाची लहान लहान हाडं एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झाला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पाच वर्षं काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक नुकसान सांगतो, ते एक्स-रेत दिसत नाही. आक्काची मोठी मुलगी तेव्हा सातवीत होती. वर्गात हुशार. आईच्यानं भाकर थापणं होईना, पाणी आणणं होईना, म्हणून पोरीनं शाळा सोडली. आईचे हात गेले आणि मुलीची शाळा गेली. आपण इथे दरवर्षी शिक्षणावर भाषणं करतो. घरातल्या बाईच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झालं की त्याचा पहिला घाव घरातल्या मुलीच्या शिक्षणावर बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता हा आजार करतो काय, ते सोप्या भाषेत सांगतो. जिथे दोन हाडं भेटतात तिथे सांधा असतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कुर्चेचं आवरण असतं, म्हणजे हाड हाडावर घासत नाही. सांध्याभोवती एक पिशवी असते. तिला आतून पातळ अस्तर असतं, ते थोडं थोडं वंगण सोडतं. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक राखण असते. आमवातात ही राखण चुकते. घरच्याच माणसाला चोर समजून ती सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि बाभळीवर अमरवेल पसरावी तसं कुर्चेवर पसरत जातं. कुर्चा खाल्ली जाते. मग हाडाच्या कडेला खड्डे पडतात. सांधा धरून ठेवणारे बंध सैल होतात, स्नायूंच्या दोऱ्या जागेवरून सरकतात, आणि बोट वाकडं होतं. शेवटी काही सांधे खिळखिळे होतात, काही जाम होऊन बसतात.

यातली ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की सूज औषधानं उतरते, पण खाल्लेलं हाड आणि गेलेली कुर्चा औषधानं परत येत नाही. गुडघा किंवा खुबा गेला तर शस्त्रक्रियेनं कृत्रिम सांधा बसवता येतो. पण दोन्ही हातांची दहा बोटं पहिल्यासारखी कोण करून देणार? आणि अनेक रोग्यांमध्ये ही कुरतड पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. म्हणून लक्षणं दिसल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत योग्य औषध सुरू व्हावं, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. आम्ही पाच वर्षं घालवली.

हा आजार फक्त सांध्यांचा नाही. रक्त कमी होतं, थकवा येतो, डोळे कोरडे पडतात, फुप्फुसाला त्रास होऊ शकतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. जुन्या आणि जोरदार आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधाही सैल होतो. मान हलवली की हातापायात करंट गेल्यासारखं वाटत असेल, हात बधिर पडत असतील, तर ताबडतोब दाखवावं. आणि कोणत्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना "मला आमवात आहे" हे सांगायला विसरू नये.

कुणाला वाटेल, हा गरिबांचा रोग आहे, किंवा मागच्या कर्माचं फळ आहे. तसं काही नाही. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. त्या शल्यविशारदाच्या हातांनाही हाच आजार होता, आणि त्यामुळेच १९८३ साली त्यांना शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. रोग जात पाहत नाही, पैसा पाहत नाही. मात्र इलाज वेळेवर मिळतो की नाही, यात पैसा आणि माहिती दोन्ही आडवे येतात.

आपल्याकडे असे रोगी किती असतील? वाशिमची पाहणी माझ्याकडे नाही, पण महाराष्ट्रातल्या एका खेड्याची आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण गाव आहे. तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉपकॉर्ड' नावाच्या कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन पाहणी केली. हा कार्यक्रम जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांचा. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारलं गेलं. साधारण शंभरातल्या अठरा जणांना हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं होतं. पण आमवात निघाला दोनशे माणसांत एकाला, म्हणजे अर्धा टक्का.

आता हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. त्यातली आठ लाख माणसं प्रौढ धरली आणि भिगवणचंच प्रमाण लावलं, तर चार हजार रोगी होतात. हिशोब ढोबळ आहे, पण दोन हजार प्रौढांच्या गावात दहा जण, असं समजायला हरकत नाही. त्यातही पुरुषांपेक्षा बायका दुपटी-तिपटीनं जास्त. म्हणजे प्रत्येक गावात एखादी आक्का आहेच. तिला आपण ओळखतो का, हा प्रश्न आहे.

दुखणाऱ्या इतक्या जणांतून ती एक कशी ओळखायची? हे नीट ऐका आणि घरी जाऊन सांगा.

पहिली खूण, सकाळचा ताठरपणा. गुडघ्याच्या झिजेतही सकाळी सांधे आखडतात, पण पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मोकळे होतात. आमवातात तास-तासभर, कधी त्याहून जास्त वेळ जातो.

दुसरी खूण, सूज. नुसतं दुखणं वेगळं आणि सांधा फुगणं वेगळं. मुठीच्या उंचवट्यांमधल्या खाचा बुजतात, बांगडी-अंगठी रुतते, जोडवं निघत नाही. बहुधा दोन्ही हातांना, दोन्ही पायांना सारखी सूज असते. मनगट, बोटांची मुळं, मधली पेरं आणि पायाच्या बोटांची मुळं यांत ती जास्त दिसते. नखाजवळचं पेर सहसा वाचतं.

तिसरी खूण, दाबून पाहणं. राम राम करताना हात हातात घेतो, तसा पंजा बोटांच्या मुळांशी दोन्ही बाजूंनी हलका दाबला तर माणूस कळवळतो.

या खुणा सहा आठवडे टिकल्या, तर पुढे एकही दिवस घरगुती उपायांत घालवू नये.

आपल्या भागात आणखी एक गोंधळ होतो. २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली. ताप गेल्यावरही लोकांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. तेव्हापासून कुणाचेही सांधे धरले की लोक म्हणतात, "चिकुनगुनियाचं आहे, जाईल आपोआप." बहुतेकांचं जातंही. पण सूज टिकून राहिली तर तपासणी केलीच पाहिजे. रक्तातला आर.ए. फॅक्टर, अँटी सी.सी.पी., ई.एस.आर., सी.आर.पी. आणि हातापायांचे एक्स-रे अशा तपासण्या डॉक्टर सांगतात. एक ध्यानात ठेवा, काही रोग्यांचा आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह येतो आणि काही निरोगी माणसांचा पॉझिटिव्ह येतो. तेव्हा नुसत्या कागदावरून स्वतःच निकाल लावू नये.

आता औषधाकडे येतो. इथे आमची दुसरी चूक झाली. नागपूरला आक्काला मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांनी सूज उतरायला लागली. मग एका औषध दुकानात कुणीतरी सांगितलं, "बाई, हे तर कॅन्सरचं औषध आहे, कायले खाता?" झालं! आक्कानं मला न विचारता गोळ्या बंद केल्या. आठ महिने बंद राहिल्या. त्या आठ महिन्यांत उजवा गुडघा गेला.

ते सांगणं खोटं नव्हतं, अर्धवट होतं. या औषधामागे आपल्याच देशातला एक माणूस आहे. १८९५ साली आंध्रातल्या भीमावरम इथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले, आणि लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक अॅसिड तयार झालं आणि त्याच्या उलट काम करणारी औषधंही तयार झाली. मेथोट्रेक्सेट त्यातलंच. मोठ्या मात्रेत ते रक्ताच्या आणि इतर कॅन्सरमध्ये वापरतात. आमवातात मात्रा अगदी लहान असते, तीही आठवड्यातून एकदाच, आणि तिथे ते चुकलेल्या राखणीला शांत करतं. १९८८ साली अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. आज जगभर बहुतेक रोग्यांना पहिलं औषध हेच देतात, आणि या आजारावरच्या औषधांत ते स्वस्तांपैकी आहे.

पण त्याचे नियम कडक आहेत. ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची, रोज नाही. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल खूण असते आणि गोळ्यांची डबी भाच्याच्या ताब्यात असते. डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक अॅसिडची गोळी घ्यायची. ठरल्या वेळी रक्त तपासायचं, कारण यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो. दारू बंद. आणि तरुण भगिनींनी हे नीट ऐकावं, दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, कारण हे औषध गर्भाला घातक आहे; अशा वेळी दुसरी औषधं आहेत. ताप आला, तोंडात फोड आले, दम लागला, तर लगेच दवाखाना गाठावा.

हे औषध पहिल्या दिवशी काम करत नाही. सहा ते बारा आठवडे लागतात. पुडीवाल्याची गोळी आठ दिवसांत पळवते आणि डॉक्टरची गोळी दोन महिने वाट पाहायला लावते, म्हणून लोक पुडीवाल्याकडे जातात. स्टिरॉइड डॉक्टरही देतात, पण मोजून-मापून, बहुधा थोड्या दिवसांसाठी. न कळत वर्षानुवर्षं खाल्लं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, खुब्याचं हाड मरू शकतं. आणि कुणी अशा गोळ्या खातच असेल, तर घाबरून एकदम बंद करू नका. त्यानंही जिवाला धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

मेथोट्रेक्सेटनं भागलं नाही तर सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड अशी औषधं जोडतात. त्याहून नवी आणि महाग इंजेक्शनंही आली आहेत. ती देण्याआधी अंगात क्षयरोग दडला आहे का, हे तपासावंच लागतं, कारण आपल्या देशात क्षय पुष्कळ आहे.

आता गोष्टीचा दुसरा भाग सांगतो, म्हणजे तुम्ही निराश होऊन घरी जाणार नाही. २०१९ साली आक्काच्या धाकट्या मुलीला, माझ्या भाचीला, सकाळी मूठ वळेना. वय एकतीस. जवळच्या नात्यात हा आजार असला तर धोका थोडा वाढतो; सगळ्यांना होतो असं नाही. पण आक्कानं पोरीचा हात आपल्या वाकड्या हातात घेतला, बोटांची मुळं दाबून पाहिली आणि मला निरोप धाडला, "भाऊ, हिले आजच घेऊन जा. मह्यासारखं करू नको." तिसऱ्या आठवड्यात तपासण्या झाल्या, दुसऱ्या महिन्यात औषध सुरू झालं. त्यानंतर कितीतरी हंगाम गेले. भाचीची बोटं सरळ आहेत. सोयाबीनच्या सोंगणीला जाते, गाडी चालवते, मुलांच्या वह्या तपासते. औषध चालू आहे, रक्त तपासणी चालू आहे. एकाच घरातल्या दोघी, रोग तोच. फरक पाच वर्षं आणि दोन महिने यातला आहे.

ज्यांचे सांधे आधीच गेले, त्यांनी काय करावं? त्यांनीही औषध सोडू नये, कारण उरलेले सांधे वाचवायचे आहेत. नुसतं पडून राहू नये. सूज उतरलेली असताना बोटांचे, खांद्याचे, गुडघ्याचे हलके व्यायाम रोज करावेत. विडी-सिगारेट सोडावी, धूम्रपानानं हा आजार वाढतो. चमच्याला, झाडूच्या दांड्याला, विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून मूठ जाड केली तर पकड सोपी होते. बादली बोटांनी न उचलता हाताच्या कोपरात अडकवावी. डॉक्टर मनगटाला पट्टा देतात, तो वापरावा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. हातापायांना कायमचं अपंगत्व आलं असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तपासणी करून प्रमाणपत्र मिळू शकतं. आक्काला ते मिळालं आहे. आमच्या वेळी नागपूर गाठावं लागलं. पुढे २००२ मध्ये अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि २०२४ मध्ये आपल्या वाशिमलाही सुरू झालं. दूर आहे, ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही.

शेवटी विहार समितीला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, विहाराच्या पायऱ्यांना कठडा लावावा आणि आत पाच-सहा खुर्च्या कायम ठेवाव्यात. ज्यांना मांडी घालता येत नाही, ते लाजून वंदनेला यायचं सोडतात. आक्का अकरा वर्षं आली नाही, ती श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे, खाली बसता येत नव्हतं म्हणून. दोन, वर्षातून एक सकाळ ठरवून आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावं आणि बायांचे हात तपासावेत. वेळ सकाळचीच ठेवावी, दुपारी हा रोग लपतो. तीन, महिला मंडळानं एवढा एक नियम करावा, की एखादी बाई "सकाळी हात उघडत नाही" म्हणाली, तर तिला नाटक करते असं कुणी म्हणायचं नाही. तिला दवाखान्यात पोचवायचं आणि तिच्या पोरीची शाळा सुटू द्यायची नाही.

आक्काचे तळवे आता एकमेकांना लागत नाहीत. वंदनेला ती दोन्ही मनगटं जुळवते. कुणी तिच्याकडे पाहून हसू नये, आणि कुणाच्या घरी पुन्हा तशी वेळ येऊ नये, म्हणून एवढं बोललो. काही कमी-जास्त बोललो असेन तर क्षमा करावी.